मागच्या ब्रेकचा एक दात

अकरा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला माझ्या मोठ्या भावाच्या मोटरसायकलचा मागचा ब्रेक लागला नाही, आणि तो का लागला नाही हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. दादाला ठाऊक नाही. वहिनींना नाही. माझ्या बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात असं ठरलेलं आहे की त्या दिवशी दादा घाबरला आणि त्यानं ब्रेक दाबलाच नाही. हे ठरवलं मी.

आधी ब्रेकचं सांगतो, त्याशिवाय माझी करणी कळायची नाही. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. पॅडल दाबलं की एक लांब सळई ओढली जाते, ती चाकाच्या मध्याशी असलेला एक छोटा दांडा फिरवते, आणि आतले दोन ब्रेकशू फाकून ड्रमला चिकटतात. शू झिजत जातात. झिजले की पॅडल खाली जायला लागतं, मग सळईच्या टोकाचा नट थोडा आवळायचा. ते कोणीही करतं. आवळून आवळून नट संपला की शू बदलायचे. दांड्यापाशी एक लहानसा बाण असतो आणि त्याच्यापुढे एक खूण. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपाशी गेला, म्हणजे शूचं आयुष्य झालं.

पण एक चोरवाट आहे. तो दांडा दातेरी खुंटीवर बसवलेला असतो. बोल्ट सैल करायचा, दांडा काढायचा आणि एक दात पुढे सरकवून परत बसवायचा. पॅडल लगेच वर येतं, नव्या गाडीसारखं कडक लागतं. शू तितकेच झिजलेले राहतात, पायाला फक्त ते कळत नाही. शिवाय आतली खुंटी आता गरजेपेक्षा जास्त फिरते, आणि एखाद्या वेळी जोरात दाबलं तर पार आडवी होते. मग पाय कितीही दाबा, शू आणखी फाकत नाहीत. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नसताना केलं असतं तर आज हे लिहीत बसलो नसतो.

आमचे बाबा रेल्वेत फिटर होते. वर्ध्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. ब्राह्मणपाऱ्यात त्यांनी दोन मजल्यांचं लहानसं घर बांधलं. खाली दादा राहतो, वर मी. बाबांच्या पान्यांची पेटी माझ्याकडे आली, कारण दादाच्या हातात पाना टिकत नसे. तो ऑफिसात फायलींमध्ये रमणारा माणूस, टायरमध्ये हवा कमी आहे हेही त्याला दुसऱ्यानं सांगावं लागे. मी मात्र दर रविवारी सकाळी घरासमोर गाडी मेन स्टँडवर चढवून बसायचो. चाक हातानं फिरवून कान लावायचो. स्पोकवर पाना वाजवत जायचो, सैल असलेला स्पोक बोदा आवाज देतो. टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढायचो. चेन ओढून पाहायचो, ॲक्सलचा नट, त्याची पिन. गल्लीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. "भैया, ज़रा देख देना." मी देखून द्यायचो. एक रुपया घेत नसे. त्या बदल्यात जे मिळायचं त्याची मला फार चटक होती. लोक म्हणायचे, याच्या हाताला यश आहे.

आणि एक नियम होता, बाबांचा. नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. फिटरचं हत्यार म्हणजे पाना. त्या दिवशी सगळे पाने घासून, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचे, आणि एकदा मांडले की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बाबा म्हणत, वर्षभर ते आपल्यासाठी राबतात, दोन दिवस त्यांनाही सुटी पाहिजे. दादाला या नियमाचं हसू यायचं. मी मात्र तो कधी मोडला नाही. त्याचाही मला अभिमान होता. एकूण अभिमानाला माझ्याकडे काही तोटा नव्हता.

त्या वर्षी अष्टमीच्या दुपारी दादानं गाडी दारात लावली आणि वर हाक मारली.

"लहान्या, मागचा ब्रेक लई खाली जाऊन राहिला रे. जरा पाहून दे. दसऱ्याला तुझ्या वहिनीले घेऊन अभनपूरले जायचं आहे, तिच्या मावशीकडे सोनं द्यायले."

"ठेव. पायतो."

"पायतो नको म्हणू. पाय."

"दादा, आजवर बिनाब्रेकची गाडी दिली का तुले मी?"

तो हसला. "तुझ्या हातची गाडी तर मी डोळे मिटून चालवतो."

आतून वहिनींचा आवाज आला, "उघडे ठेवून चालवा म्हणा त्यांना, भाऊजी. मागे मी बसते."

आम्ही तिघंही हसलो. त्या वाक्यावर आम्ही तिघंही हसलो होतो, हे मला विसरता येत नाही.

चाक खोललं. ड्रममधून काळी भुकटी पडली. शू इतके झिजले होते की एका जागी ड्रमला घासणारा वरचा मसाला संपून खालचं ॲल्युमिनियम दिसत होतं. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता, तो मीच आवळला होता, महिन्याभरापूर्वी, शू न पाहता. म्हणजे दोष तेव्हाच सुरू झाला होता. नवे शू आणायचे तर पार्टच्या दुकानापर्यंत जाऊन यायला अर्धा तास लागला असता. दुकान उघडं होतं. हात काळे झाले होते, ऊन होतं, आणि संध्याकाळी मला गोल बाजारात जायचं होतं. झेंडूचे हार, नारळ, लिंबं, कुंकू आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे पाने पाटावर जाणार. मनात म्हटलं, आज दांडा एक दात सरकवून देतो, दसरा झाला की शू बदलतो. मध्ये अभनपूरची एकच फेरी तर आहे.

दहा मिनिटांत झालं. दांडा सरकवला, नट जरा सैल करून पॅडल बेताचं बसवलं, चाक चढवलं. गल्लीत एक फेरी मारून हळूच ब्रेक दाबून पाहिला, लागला. हळू वेगात तो लागणारच होता. बाण खुणेच्या पुढे गेला होता. बाण वेगळ्या खाचेत बसतो, दांडा सरकवला तरी तो खोटं बोलत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं आणि फडक्यानं हात पुसले.

संध्याकाळी गोल बाजारात गेलो. गाडीसाठी हार आणला. दोन टायरांसाठी चकाकी आणणारं काळं पॉलिशही आणलं, ते मी पार्टच्या दुकानातूनच घेतलं.

नवमीला पाने पाटावर मांडले. दसऱ्याला सकाळी दोन्ही गाड्या धुतल्या, हार घातला, चाकांना कुंकवाची बोटं लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं. दादा नव्या चपला घालून उभा होता, वहिनींनी नारळ फोडायला लावला तो दुसऱ्या फटक्यात फुटला. दुपारी चारच्या सुमारास ते निघाले. निघताना दादानं पॅडल दाबून पाहिलं.

"वा. कडक झाला की रे."

"एकदम," मी म्हटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दादानं सांगितलेलं आहे. अभनपूरच्या अलीकडे एका तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो. देवीच्या विसर्जनाचा ट्रॅक्टर बाजूच्या कच्च्या रस्त्यानं एकदम वर आला, मागे ट्रॉलीत माणसं, गुलाल, बँड. दादानं ब्रेक दाबला. पॅडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं. पुढचा ब्रेक तो कधी वापरत नसे. पुढच्या ब्रेकनं माणूस हँडलवरून फेकला जातो, असं बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं, त्या काळच्या सगळ्यांसारखं. त्यानं ट्रॉलीतली माणसं चुकवायला गाडी डावीकडे ओढली आणि दोघं नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर आदळले. दादाला खरचटलं. वहिनींचा उजवा गुडघा कठड्याच्या दगडावर फुटला.

फोन आला तसा मी निघालो. वहिनींना विसर्जनातल्याच लोकांनी एका गाडीतून रायपूरला आणलं होतं. दवाखान्यात दादा बाकावर बसला होता, शर्टावर गुलाल आणि माती. मला पाहून उभा राहिला.

"ब्रेक लागला नाही रे, लहान्या. मी पूर्ण पाय दिला होता. लागलाच नाही."

त्याच्या पायाशी नवी चप्पल उलटी पडली होती, उजव्या पायाची. तिच्या मऊ तळावर पॅडलच्या दात्यांच्या चिरा उमटल्या होत्या, ओळीनं, खोल. मी ती पायानं बाकाखाली सरकवली.

"तू बस," मी म्हटलं. "मी गाडी पाहून येतो."

गाडी अपघाताच्या जागेजवळच एका पंक्चरवाल्याकडे ठेवली होती. म्हातारा माणूस, टपरीपुढे जुन्या टायरांची रास. त्यानं गाडी आधीच पाहून ठेवली होती. हातानं पॅडल दाबून दाखवलं आणि चाकाशी उकिडवा बसला.

"ये किसने घुमाया है, भैया? देखो, एक दाँता आगे बिठाया है."

"पता नहीं," मी म्हटलं. "किसी मिस्त्री ने किया होगा."

"हव," तो म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "मिस्त्री ला बदल दे, भैया. एहा मनखे ला मार डारही."

माणूस मारेल हा तुझा मिस्त्री. त्यानं बरोबर माणसाला सांगितलं होतं.

परत दवाखान्यात जाईपर्यंत वाटेत मी बोलायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तिथे तोवर आमचे मामा आले होते, वहिनींच्या माहेरची दोन माणसं आली होती, आणि मी दारातून आत शिरताच वहिनींचे भाऊ म्हणाले, "हे पाहा, गाडी यांनीच दुरुस्त केली होती ना परवा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादानंही.

"ब्रेक ठीक आहे," मी म्हटलं. "आताच पाहून आलो."

"मग लागला काहून नाही?" मामांनी विचारलं.

मी दादाकडे वळलो आणि आवाज अगदी मऊ केला. "दादा, तू घाबरला असशील. ट्रॅक्टर एकदम आला. घाबरलं की उजवा-डावा कळत नाही माणसाला. तू ब्रेक समजून डाव्या पायानं गिअर तर दाबला नाही ना?"

दादानं आपल्या पायांकडे पाहिलं, आधी उजव्या, मग डाव्या. मला वाटलं तो म्हणेल, नाही. मी वाट पाहिली. तो म्हणाला, "असेल बा. मले आता काही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टचं दुकान उघडायच्या आधीच मी दुकानाच्या दारात उभा होतो. नवे शू घेतले, गाडी टेम्पोत टाकून घरी आणली, पाटावरचे पाने उचलले. त्यांच्यावरचं कुंकू माझ्या बोटांना लागलं. शू बदलले, दांडा होता तिथे बसवला, जुने शू कागदात गुंडाळून स्टेशनकडे जाताना नाल्यात फेकले. मग मामांना बोलावलं. गाडी मेन स्टँडवर होती. मी इंजिन सुरू करून, गिअर टाकून मागचं चाक जोरात फिरवलं आणि पायानं पॅडल दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं.

"पाहा," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. दादा दारात उभा राहून पाहत होता, कोपरावर पट्टी. त्यानं आत जाऊन गाडीची चावी खुंटीला लावली. त्यानंतर त्यानं कुठलीच गाडी चालवली नाही. महिन्याभरात ती विकली. ऑफिसात चालत जायचा, पाऊण तास जाणं, पाऊण तास येणं. निवृत्त होईपर्यंत.

वहिनींचा गुडघा जुळला, पण वाकेना. जिना चढताना त्या एक पाय मागे ओढतात. वरच्या मजल्यावर आमच्याकडे यायचं त्यांनी बंद केलं. आमच्या जिन्याच्या अकरा पायऱ्या आहेत. हे मी त्यानंतर मोजलं.

आणि घरात विनोद सुरू झाला. कोणी सायकल शिकायला निघालं की वहिनी म्हणायच्या, "तुमच्या काकांकडून शिकू नका, ब्रेक कोणत्या पायाचा ते त्यांना अजून सापडायचा आहे." लग्नकार्यात कोणी दादाला गाडीवर बसवायला लागलं की माझी मुलगी ओरडायची, "बड़े पापा को पीछे बिठाओ, आगे मत बिठाना!" मुलीला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीच. सगळे हसायचे. दादाही हसायचा, हात वर करून, गुन्हा कबूल असल्यासारखा. मीही हसायचो. एकदा तर विनोद मीच केला. कोणत्या प्रसंगी ते आठवतं, पण लिहवत नाही.

वहिनींचं हसणं दर वेळी हसणं नसायचं. एकदा पावसाळ्यात गुडघा सुजला होता, मी त्यांना तपासायला नेत होतो. मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होते म्हणून. नाही तर यांच्या भरवशावर मी कुठं गेली असती? बाईनं नवऱ्याच्या मागे बसायचं ते विश्वासानं. माझा तर तोच गेला." मी आरशात पाहिलं नाही. अकरा वर्षं मी त्यांना प्रत्येक तपासणीला नेलं आहे, औषधं आणली आहेत, आणि नातेवाइकांत माझं नाव झालं आहे की दीर असावा तर असा. ते नाव मी घेतलं. नको म्हटलं नाही.

रविवारचं काम मी सोडलं नाही. सोडलं असतं तर कोणी विचारलं असतं, का सोडलं. अजूनही लोक गाड्या आणतात. आता मी शू जरा जरी झिजले असले तरी बदलायला लावतो, लोक म्हणतात, अंकल बहुत सख्त हैं. नवमीला पाने पाटावर मांडतो. त्यांना कुंकू लावतो. नीट लागतं.

या वर्षी वहिनींचा गुडघा बदलायचं ठरलं. तपासणीला मी आणि दादा दोघं सोबत होतो, एक्स-रे फोटोंची फाईल माझ्या हातात. डॉक्टर तरुण होते. फोटो दिव्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "पुरानी चोट है. कैसे लगी थी?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मैंने गिराया था, साहब. ब्रेक नहीं लगा पाया. मेरी गलती है."

त्यानं हे इतक्या सवयीनं सांगितलं, जसं कोणी आपलं वय सांगतो. वहिनी भिंतीकडे पाहत होत्या. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो, वहिनी आत रक्त तपासणीला गेल्या होत्या. दादा आता त्रेसष्टचा आहे. तो आपल्या चपलांकडे पाहत होता.

"लहान्या, एक विचारू?"

"विचार."

"मी खरंच दाबला नव्हता का रे तो ब्रेक?" त्यानं उजवा पाय जरा उचलला आणि फरशीवर दाबला. "डोक्याले आठवत नाही. पण या पायाले आठवते. झोपेत कधी कधी दाबून राहिलो असतो मी, तुझी वहिनी उठवते. पॅडल खाली चाललं, खाली चाललं, अन् काही नाही." मग स्वतःच हसला. "पण गाडी तर तुझ्या हातची होती. म्हणजे पायच खोटं बोलत असेल."

इतकं सोपं त्यानं करून दिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो, दिवसाची वेळ, घाई नव्हती. मी नीट बोलू शकत होतो, आणि बोललो.

"जाऊ दे ना दादा," मी म्हटलं. "किती वर्षं झाली."

त्यानं मान हलवली. "हव. जाऊ दे." आणि पाय परत सरळ केला.

ऑपरेशन झालं. वहिनी वॉकर घेऊन चालतात, डॉक्टर म्हणतात पायऱ्याही चढतील. दादा त्यांच्या मागे मागे चालतो, हात पुढे धरून, पडल्या तर सावरायला.

मी त्याचं काय देणं लागतो ते इथे लिहून ठेवतो. दादाचा उजवा पाय त्या दिवशी ब्रेकवर होता. वेळेवर होता, आणि पूर्ण जोरानं होता. ब्रेक मी बिघडवला होता. हे मी त्याला, वहिनींच्या समोर, माझ्या तोंडानं सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.